प्रवेशापूर्वीचा ताळा
कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या उच्चशिक्षण-योजनेने कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाचा मार्ग मोकळा केला, ही लोकशाहीची थोर देणगी होय. परंतु विद्यापीठ निवडताना केवळ नावलौकिकावर न भाळता, आपण पुऱ्या केलेल्या, उदाहरणार्थ कलनशास्त्राच्या, वर्गास तेथील दफ्तरी मान्यता आहे की नाही, हे ‘असिस्ट’ या राज्यव्यापी नोंदसंग्रहात विषयवार ताडून पाहावे, असा आमचा कळकळीचा आग्रह आहे. नामंजूर झालेला एकच विषय कित्येकदा आणखी एका सत्राची फी आणि घरभाडे गळ्यात घालतो. प्रवेशाच्या हमीचाही ताळा हवा: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो येथे कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यास प्रवेशाची लेखी हमी नाही. डेव्हिस, रिव्हरसाइड आदी सहा ठिकाणी अटी पाळणाऱ्यास ती मिळते, आणि तिच्या अर्जाची मुदत सप्टेंबरअखेर संपते.