तोंडी सूचना आणि रात्रपाळीची परिचारिका

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, “डॉक्टर काय म्हणाले?” सिस्टरांना काय दिसले, हे सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक डॉक्टरांची फेरी दिवसातून दोन-तीन वेळा होते. परिचारिका मात्र सारी पाळी रुग्णाच्या उशाशी असते. प्रकृतीतला पहिला बदल बहुधा तिलाच दिसतो.

हे पाहणे म्हणजे नुसते मॉनिटरवरचे आकडे उतरवणे नव्हे. श्वासाचेच उदाहरण घ्या. प्रकृती ढासळू लागली की बऱ्याचदा रक्तदाब उतरण्याआधी श्वासाचा वेग वाढतो. तो छातीकडे पाहून पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. तक्त्यावर तासातासाला ओळीने ‘२०’ लिहिलेले दिसले, की ते मोजलेले आहे की अंदाजाने लिहिले, अशी शंका येते. शुद्ध मोजण्यासाठी १९७४ साली ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट यांनी दिलेली मोजपट्टी आपण वापरतो. डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण मिळून ३ ते १५ अशी बेरीज होते. पण घशात नळी असलेला रुग्ण बोलणार कसा? त्याला बोलण्याचा सर्वांत कमी गुण देऊन मोकळे होणे चूक आहे. तेथे ‘नळीमुळे तपासता आले नाही’ असेच लिहावे लागते. त्याच्या वेदना कपाळावरच्या आठीत, आवळलेल्या मुठीत, व्हेंटिलेटरशी चाललेल्या झगड्यात वाचाव्या लागतात.

या नोंदींवरच पुढचे मोठे निर्णय उभे राहतात. उपचार वाढवायचे की आता नुसते क्लेश लांबत आहेत, हे ठरवताना डॉक्टर हाच तक्ता पाहतात. म्हणून न मोजता लिहिलेला आकडा ही रुग्णाच्या जिवाशी केलेली अप्रामाणिकता ठरते. एका परिचारिकेकडे व्हेंटिलेटरवरचे तीन-चार रुग्ण सोपवणारी व्यवस्थाही या अप्रामाणिकतेत वाटेकरी आहे.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. संध्याकाळी नातेवाइकांशी बोलणे होते. आशा नाही, हे सर्वांना कळलेले असते. जाताना डॉक्टर म्हणतात, “सिस्टर, बंद पडलं तर फार काही करत बसू नका.” कागदावर मात्र काहीच नसते. पहाटे तीनला हृदय थांबते. छाती दाबावी तर सूचनेचा भंग, न दाबावी तर उद्या एखादा नातेवाईक विचारणार, “तुम्ही नुसत्या बघत का राहिलात?” निर्णय दुसऱ्याचा आणि जबाब तिचा, हा कुठला न्याय?

यासाठी वाट नाही असे नव्हे. हृदय थांबल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, या निर्णयाबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली मार्गदर्शक तत्त्वे दिली. रुग्णाशी किंवा आप्तांशी बोलून निर्णय घ्यावा, तो लिहून ठेवावा, असे त्यात आहे. या निर्णयाने बाकीची शुश्रूषा थांबत नाही. चालू असलेले जीवरक्षक उपचार काढण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कार्यपद्धती दिली आणि २०२३ साली ती सोपी केली. त्यात डॉक्टरांच्या दोन मंडळांनी मत द्यायचे आहे. या मंडळांत परिचारिकेला मात्र जागा नाही.

ही उणीव आपल्या महाराष्ट्राला तरी खटकली पाहिजे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत तेथेच अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. २०११ साली निर्णय देताना न्यायालयाने, त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्यांच्या शब्दाला तेव्हा न्यायालयात वजन होते. मग प्रत्येक गावच्या अतिदक्षता विभागात ते का नसावे?

“लिहून दिले की पोलीस, कोर्ट मागे लागते,” असे माझे काही व्यवसायबंधू म्हणतात. त्यांची भीती मला समजते. पण न लिहिल्याने ती भीती नाहीशी होत नाही, फक्त डॉक्टरांच्या खांद्यावरून सिस्टरच्या खांद्यावर जाते. शिवाय लेखी नोंद नसेल तर चांगल्या हेतूने घेतलेला निर्णयही निष्काळजीपणासारखा दिसतो.

माझे मत स्पष्ट आहे. असा निर्णय घेताना त्या पाळीच्या परिचारिकेला विचारावे आणि तिचे निरीक्षण कागदपत्रांना जोडावे. आदेश लेखी, सहीनिशी आणि वेळ घालून असावा. तोंडी सूचना मिळाल्यास “सर, केसपेपरवर लिहून द्या,” असे म्हणण्याचा परिचारिकेला हक्क असावा आणि त्याला कोणी उद्धटपणा म्हणू नये.

वाचकांनाही एक विनंती. आपला माणूस आत असेल तेव्हा काय ठरले ते लिहून ठेवायला सांगा. घरातील सर्वांशी बोलून एकच माणूस डॉक्टरांशी बोलण्यासाठी नेमा. आणि सिस्टरांना जरूर विचारा, “रात्र कशी गेली?” त्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांच्याचपाशी असते.