बाटली काळी पडली, आता पुढे काय?

नळाला गढूळ पाणी आलं की आपण ओरडतो, स्वच्छ दिसलं की निमूट पितो. आजार पसरवणारे जिवाणू मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. तक्रार घेऊन गेलं की पालिकेचं उत्तर ठरलेलं : "आमचा अहवाल चांगला आहे."

गंमत म्हणजे तो अहवाल खराही असू शकतो. जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी शुद्धच निघतं. पण मालेगाव, भिवंडीसारख्या शहरांतल्या दाट मोहल्ल्यांत पाइप गटारीला खेटून जातात आणि पाणी चोवीस तास नसतं. लाइन रिकामी झाली, दाब उतरला की फुटक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. म्हणून तपासणी नळावरच व्हायला हवी.

त्यासाठी एक स्वस्त साधन आहे, तेही आपल्याच देशातलं. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मंजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ही कागदी पट्टीची चाचणी मांडली. गावाकडे तिला 'एच टू एस व्हायल' म्हणतात. निर्जंतुक बाटलीत रसायन लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवायचं. विष्ठेतले अनेक जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, त्याची कागदातल्या लोहाशी क्रिया होते आणि पाणी काळं पडतं.

मर्यादाही आहेत. कोणता रोग होईल, हे बाटली सांगत नाही. बोअरच्या पाण्यात मुळातच हा वायू असेल तर मैला नसतानाही ती काळी पडते. आणि काळी नाही पडली म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात सापडता कामा नये. छोट्या बाटलीत मात्र जेमतेम २० मिलिलिटर पाणी मावतं.

२०१९ च्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. पण ती योजना ग्रामीण भागाची. शहरातल्या झोपडपट्टीतल्या बाईला हे कोण शिकवणार? मोहल्ला कमिट्यांनी हे काम हाती घ्यायला काय हरकत आहे?

एक नमुना थेट नळाचा घ्या, एक मशिदीच्या किंवा इमारतीच्या टाकीचा. टाकीचीच बाटली काळी पडली तर आधी टाकी धुवा, दोष बहुधा आपल्याकडेच आहे. नळाचीही काळी पडली तर तारीख, वेळ, ठिकाण आणि फोटोसह लेखी अर्ज द्या, आणि पालिकेनं तुमच्यासमोर नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासावा अशी मागणी करा. तोवर पाणी उकळूनच प्या. काळी बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. टीसीएल पावडर टाकूनच ती रिकामी करा.