इग्वानाचं पिल्लू आणण्याआधी पिंजरा मोजा

मोबाइलच्या पडद्यावर ते तळहातात मावतं. पोपटी रंग, बारीक बोटं, अंगापेक्षा लांब शेपूट. हिरव्या इग्वानाचं पिल्लू बघून कुणालाही वाटावं, हे तर माशांच्या टाकीत आरामात राहील. विकणाराही तेच सांगतो. पहिला प्रश्न किमतीचा असतो, दुसरा कुरिअरचा. पिंजऱ्याचा प्रश्न येतो तो पिल्लू घरात आल्यावर.

माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. पिल्लू ही या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट. खरा खर्च आणि खरी जबाबदारी पिंजऱ्यात आहे. तुमसर तालुक्यातल्या आंबागडसारख्या गावात, सातपुड्याच्या पायथ्याशी, एखाद्या घरात हा प्राणी ठेवायचाच म्हटलं तर काय काय लागेल? नीट हिशेब मांडून बघू.

इग्वाना म्हणजे घोरपड नव्हे

आधी ही गल्लत दूर करू. ब्रिटिशकालीन लिखाणात आपल्या घोरपडीलाच अनेकदा 'इग्वाना' म्हटलं जायचं. त्याचा गोंधळ अजून टिकून आहे. दोन्ही प्राणी वेगळे आहेत. हिरवा इग्वाना मूळचा मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या दमट जंगलांतला, झाडावर राहणारा आणि पाला खाणारा. घोरपड आपली, जमिनीवर फिरणारी आणि मांसाहारी.

कायद्यासाठी हा फरक फार मोठा आहे. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पकडली किंवा घरात ठेवली तर ३ ते ७ वर्षं तुरुंग आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. आंबागडच्या जंगलपट्ट्यातून कुणी 'इग्वाना' म्हणून पिल्लू आणून दिलं तर ते घोरपडीचं असण्याचीच शक्यता जास्त. अशा वेळी वन विभागाला कळवावं, पिल्लाला हात लावू नये.

पिंजरा किती मोठा?

अंड्यातून निघालेलं पिल्लू शेपटीसह वीत-सव्वा वीत लांब असतं. नीट वाढलं तर वर्षभरात दोन-तीन फूट आणि पुढच्या काही वर्षांत पाच-सहा फूट. आयुष्य १२ ते २० वर्षांचं. म्हणजे दहावीतल्या मुलाने हट्टाने आणलेला इग्वाना त्याच्या लग्नातही घरात असू शकतो.

पिल्लासाठी साधारण ३ फूट रुंद, दीड-दोन फूट खोल आणि ३ फूट उंच पिंजरा पुरतो. पण फार तर एक वर्ष. पूर्ण वाढलेल्याला ८ फूट रुंद, ४ फूट खोल आणि ६ फूट उंच जागा द्यावी. हा पिंजरा राहत नाही, घरातली एक छोटी खोली होते. तेवढी जागा आज दिसत नसेल तर पिल्लू आणण्यात अर्थ नाही.

इथे उंचीला महत्त्व आहे. इग्वानाला वर चढून बसलं की सुरक्षित वाटतं. त्यामुळे त्याच्या अंगाएवढ्या जाडीच्या आडव्या-तिरप्या फांद्या हव्यात आणि वरच्या भागात बसायला एक फळी हवी. लपायला पाल्याचा आडोसा लागतो. लाकडी चौकट आणि प्लास्टिकचं आवरण असलेली वेल्डेड जाळी चांगली. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी नको, त्यावर नाक घासून जखमा होतात. नायलॉनची मच्छरजाळीही नको, ती नखांनी फाटते. दाराला पक्की कडी हवी, कारण गावात मांजर, मुंगूस आणि उंदीर तिघेही असतात.

तळाला काय टाकायचं? धानाच्या जिल्ह्यात तूस फुकट मिळतो म्हणून तोच पसरावासा वाटेल. तूस, वाळू, लाकडाचा भुसा यातलं काहीही नको. खाताना ते पोटात जातं आणि आतडं अडू शकतं. जुना छापील पेपर सगळ्यात बरा. रोज बदलता येतो आणि शी नीट दिसते.

आंबागडच्या हवेत काय बदलतं?

इग्वानाच्या पिंजऱ्याबद्दलची बहुतेक माहिती थंड देशांतल्या लोकांनी लिहिली आहे. त्यांचा सगळा भर पिंजरा गरम कसा ठेवायचा यावर. भंडारा जिल्ह्यात वर्षाचे चार महिने प्रश्न बरोबर उलटा असतो.

इग्वाना स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही. बाहेरून घेतो. म्हणून पिंजऱ्यात एकच तापमान चालत नाही, उतार लागतो. वर, ऊन शेकायच्या जागी ३५ ते ३८ अंश. बाकी भागात २७ ते ३१. रात्री साधारण २३-२४ च्या खाली जाऊ नये. गरम झालं की तो खाली येतो, पचवायचं असलं की वर जातो. अंग पुरेसं तापलं नाही तर खाल्लेला पाला पोटात नीट पचत नाही.

आता नवतपा आठवा. बाहेरचा पारा ४५ च्या आसपास, पत्र्याच्या छपराखाली त्याहून जास्त. इथे दिव्याची गरजच नाही. गरज आहे ती थंड कोपऱ्याची. सगळा पिंजराच ४० च्या पुढे गेला तर प्राण्याला पळायला जागा उरत नाही. त्यातच आर्द्रता. इग्वानाला ६५ ते ७५ टक्के लागते आणि मे महिन्यातल्या आपल्या दुपारी हवेत त्याच्या अर्धीही नसते. कोरड्या हवेत त्याची कात नीट सुटत नाही. बोटांवर आणि शेपटीवर ती आवळून बसते आणि टोक सुकून गळूनही पडतं. अंगातलं पाणी कमी पडून मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच.

यावर विदर्भाकडे घरचाच उपाय आहे, कूलर. तो एकाच वेळी हवा थंड करतो आणि ओलावाही देतो. फक्त झोत थेट पिंजऱ्यावर नको, खोलीत सोडावा. शिवाय दिवसातून दोन-तीनदा फवारणी आणि एक मोठं पाण्याचं टोपलं. पावसाळ्यात हेच उलट होतं. हवा आधीच ओली असते, त्यामुळे वारा खेळता ठेवला नाही तर बुरशी धरते.

थंडीत किल्ल्याच्या बाजूने वारं सुटलं की रात्री १० अंशांच्या आसपास येतात. तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लागतो आणि तो थर्मोस्टॅटवरच हवा. 'गरम दगड' म्हणून विकला जाणारा प्रकार टाळा. इग्वानाला पोटाखालचा चटका वेळेत कळत नाही आणि तो भाजतो. दिव्याला आणि हीटरला जाळीचं आवरण हवंच. तापमान अंदाजाने ठरवू नका. वर एक आणि खाली एक असे दोन डिजिटल थर्मामीटर आणि एक आर्द्रतामापक लावा.

आता विजेचा हिशेब. थंडीत ६० वॉटचा शेकायचा दिवा १२ तास, २४ वॉटची यूव्हीबी ट्यूब १२ तास आणि १०० वॉटचा हीटर रात्रीत मिळून ६ तास धरला तर रोज साधारण १.६ युनिट होतात. महिन्याला जवळपास ५०. घराचा वापर आधीच १०० युनिटच्या काठावर असेल तर बिल पुढच्या स्लॅबमध्ये जातं. आणि डीपी जळाली तर? जानेवारीतल्या रात्री किंवा मेमधल्या दुपारी वीज दोन दिवस आली नाही तर माणूस अंगणात खाट टाकतो, पिंजऱ्यातला प्राणी कुठे जाणार? इन्व्हर्टर नसेल तर हा बेत अर्धवटच आहे.

काचेतून आलेलं ऊन का चालत नाही?

इग्वानाची पिल्लं घरात दगावण्यामागे एक मोठं कारण म्हणजे हाडांचा आजार. जबडा मऊ पडतो, पाय सुजल्यासारखे दिसतात, पाठीला बाक येतो, पिल्लू थरथरतं. कारण असं की अन्नातलं कॅल्शियम अंगी लागायला जीवनसत्त्व डी-३ लागतं आणि ते त्वचेत तयार व्हायला सूर्यप्रकाशातले यूव्हीबी किरण लागतात, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे. खिडकीची काच नेमके हेच किरण अडवते. त्यामुळे काचेच्या टाकीत 'उन्हात' बसलेलं पिल्लू तापतं खरं, पण त्याला जे हवं ते मिळत नाही. वर बंद टाकी उन्हात काही मिनिटांत भट्टी होते आणि पिल्लू मरतं.

साधा बल्ब किंवा माशांच्या टाकीची ट्यूब हे काम करत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूबच लागते, बसायच्या जागेपासून साधारण फूटभर अंतरावर आणि रोज १०-१२ तास. ती उजेड देत राहते, पण किरण कमी होत जातात, म्हणून ६ ते १२ महिन्यांत बदलावी लागते. आपल्याकडे एक फायदा आहे, कोवळं ऊन फुकट आहे. सकाळी जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून आणि शेजारी बसून, अर्धा-पाऊण तास दिलं तर उत्तमच.

ताटात काय?

फक्त पाला आणि भाजी. अंडं, किडे, मटण, मांजराचं खाणं काहीही नाही. जास्त प्रथिनांनी मूत्रपिंड बिघडतं. अन्नात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं. मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला त्यासाठी उत्तम आणि गावात कुठेही मिळतो. जास्वंदाची पानं-फुलं आणि भोपळाही चालतो. पालक टाळावा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. बाजारची भाजी नीट धुवा, फवारणीचं औषध एवढ्याशा जीवाला फार होतं.

घरच्यांसाठी एक नियम: हाताळल्यावर साबणाने हात धुणे. इग्वानाच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हा प्राणी आणूच नये.

कागद कोणते?

हिरवा इग्वाना 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अशा विदेशी प्रजाती आपल्या वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं. महाराष्ट्रातल्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपुरात आहे. विकणारा आधीच्या नोंदणीचा कागद देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

कागद नसलेली पिल्लं येतात कुठून? ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या एअर कार्गो संकुलात महसूल गुप्तचर संचालनालयाने शोभेचे मासे म्हणून आलेला माल उघडला. आत कासवं, साप, सरडे, इग्वाना असे ६६५ प्राणी निघाले. त्यातले ११७ मेलेले होते. स्वस्तात मिळणाऱ्या पिल्लाची किंमत अशी दुसरीकडे चुकती होत असते.

कायद्याने काय विचारलं नाही?

माझा आक्षेप इथे आहे. नोंदणीची सगळी रचना 'हा प्राणी कुणाचा आणि कुठून आला' यावर उभी आहे. तस्करी रोखायला ते हवंच. पण 'याला ठेवणार कुठे' हा प्रश्न त्याच गांभीर्याने विचारला जात नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत. त्यांच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर आणि पिंजऱ्यातले पक्षी नावानिशी आहेत, सरपटणारे प्राणी नाहीत. हालचालीला न पुरणाऱ्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. यूव्हीबी ट्यूब सोडा, तिचा होल्डरही तेवढ्यात येत नाही.

मागणी साधी आहे. चौथ्या अनुसूचीतल्या प्राण्याची नोंदणी करताना पिंजऱ्याची मापं, दिव्याचा प्रकार आणि फोटो सक्तीचे करा. विकणाऱ्याने पूर्ण वाढलेल्या प्राण्याचं माप आणि आयुष्य लेखी द्यावं. यासाठी नवं खातं लागत नाही, अर्जात चार रकाने वाढवावे लागतात. त्या चार रकान्यांनीच निम्मे हौशी लोक थांबतील आणि ते थांबणं चांगलंच आहे.

झेपलं नाही तर?

'जंगलात सोडून देऊ' हे उत्तर सगळ्यात वाईट. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाळलेले आणि सुटलेले इग्वाना इतके वाढले की २०२१ मध्ये तिथे हा प्राणी नव्याने पाळण्यावर बंदी आली. तैवानमध्ये शेतीचं नुकसान होतं म्हणून ते मारण्याची मोहीम सरकारला घ्यावी लागली. आंबागडच्या डोंगरात सोडलेला एकटा इग्वाना बहुधा पहिल्या थंडीतच मरेल. न मेला तर आपल्या जंगलात एक परका प्राणी वाढवल्याचा दोष आपला. दोन्ही बाजूंनी तोटाच. आजारी पडला तरी सोपं नाही. तालुक्याचे पशुवैद्यक गाई-म्हशी उत्तम बघतात, सरड्यासाठी मात्र नागपूर गाठावं लागेल.

मग आणावं का? आठ फुटांची जागा, इन्व्हर्टर, नोंदणीचा कागद, नागपूरचा डॉक्टर आणि पुढची १५ वर्षं, या पाचही गोष्टी हातात असतील तर आणा. पण आधी रिकामा पिंजरा उभा करा. एक आठवडा मेमध्ये आणि एक जानेवारीत त्याचं तापमान आणि आर्द्रता वहीत लिहून काढा. आकडे जमले तरच पिल्लाचा विचार करा. नाही जमले तर अंगणातल्या कुंपणावर मान हलवत बसलेला आपला सरडा बघा. त्याला पिंजरा लागत नाही आणि नोंदणीही नाही.