रोवणीतली गोळी आणि किडनीचे पाणी

आषाढ लागला की पवनी तालुक्यातल्या बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या आमच्या माता-भगिनींची कंबर संध्याकाळी सरळ होत नाही. मग पदराच्या गाठीतून गोळी निघते. मेडिकलमध्ये 'दुखण्याची द्या' म्हटले की मिळते. बहुधा डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. दुखणे थांबते हे खरे. पण ही गोळी किडनीत काय करते, हे घराघरांत माहीत हवे.

शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याने सूज येते, वेदना वाढते. अॅस्पिरिनसारख्या गोळ्या ते तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन वेन या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिले. अडचण अशी की हेच द्रव्य किडनीचे राखणदारही आहे. 'पाणी राखून ठेव' असा मेंदूचा निरोप घेऊन एक संप्रेरक किडनीत येते. प्रोस्टाग्लँडिन त्याला आवर घालते. शिवाय अंगातले पाणी घटले की किडनीकडे रक्त नेणारी वाहिनी तेच उघडी ठेवते. गोळीने हा आवर सुटला की पाणी आणि मीठ अंगात साचते, लघवी कमी होते, पाय-तोंड सुजते, रक्तदाब चढतो. आणि अंग कोरडे असताना गोळी घेतली, तर किडनीला रक्तच पुरत नाही.

घोटाभर पाण्यात उभी असलेली बाई दिवसभर घोटभर पाणी पीत नाही, कारण लघवीला आडोसा नसतो. हा दोष तिचा नव्हे. मजूर लावणाऱ्याने आडोसा करून द्यावा, आणि तो मागताना लाजू नये.

आमच्या घरांत आणखी एक गोष्ट आहे. विदर्भात सिकलसेल बौद्ध व आदिवासी कुटुंबांत अधिक आढळतो. या आजारात पाणी राखण्याची किडनीची ताकद लहानपणीच घटते. लघवी पुष्कळ होते, पोरे अंथरूण ओले करतात. (त्यासाठी त्यांना मारू नका!) पाणी घटले की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात, हाडे ठणकतात, आणि पुन्हा तीच गोळी. ठणक्यात रुग्णाला औषध नाकारावे, असे कोणी म्हणणार नाही. पण ते डॉक्टरांना सिकलसेल सांगून, पाणी पीत आणि अधूनमधून रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

रक्तदाबाची किंवा लघवी होण्याची गोळी चालू असेल, हगवण-उलटी झाली असेल, तर ही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. गर्भवतीने पाचव्या महिन्यानंतर तर नाहीच. पोटातल्या बाळाची लघवी कमी होऊन गर्भजल घटते. साध्या अंगदुखीला मापात घेतलेली पॅरासिटामॉल पुष्कळदा पुरते.

गोळी घेतल्यावर लघवी फारच कमी झाली किंवा सूज दिसली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. वेळेत थांबवली तर किडनी बहुधा पूर्ववत होते.