दाबमापकातील बाष्प
बुलढाणा जिल्ह्यात ठिबकच्या फिल्टरवरील दाबमापकाची काच पावसाळ्यात आतून धुरकटते. उन्हात मापकातील हवा तापून बाहेर पडते. रात्री आत उरलेली हवा आकसते आणि झिजलेल्या रबरी रिंगेतून दमट हवा आत ओढली जाते. तिच्यातील बाष्प थंड काचेवर जमते. नुसती काच पुसून भागत नाही, कारण हवेची वाट तशीच राहते. मापक उघडून वाळवावा आणि रिंग बदलावी. आतील यंत्रणा गंजल्यास दाब नसतानाही काटा शून्यावर येत नाही. असा मापक ठेवूच नये, कारण फिल्टर तुंबल्याचे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातील फरकावरूनच कळते. नवा घेताना ग्लिसरीन भरलेला घ्यावा: दमट हवेला फारशी जागा उरत नाही आणि पंपाच्या थरथरीने काटाही नाचत नाही.