गाडीचा ‘स्मार्ट’ डबा मुलांनीच का बनवावा?



विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की टेबलावर काय काय दिसणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. ज्वालामुखी, ठिबक सिंचन, आणि हल्ली काळ्या पट्टीवरून चालणारा रोबो. रोबोचं किट बाजारातून येतं, प्रोग्राम किटसोबतच येतो आणि माहितीचा परिच्छेद मूल पाठ करून येतं. परीक्षक म्हणून मी एकदा एका मुलाला विचारलं, “ही वायर काढली तर काय होईल?” तो घाबरून म्हणाला, “काढू नका बाई, मग चालणार नाही.” उत्तर बरोबर होतं, पण त्याने ती वायर कधीच काढून पाहिली नव्हती हेही त्यातून कळलं.

म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की किट आणायचंच नाही. माझी २०१४ सालची छोटी गाडी होती, तिचा सीडी प्लेअर बंद पडला होता. नववी-दहावीची सहा मुलं, त्यात दोन मुली. काम एकच: या गाडीसाठी गाणी वाजवणारी आणि रस्ता दाखवणारी यंत्रणा आपण तयार करायची. रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक (हा २०१२ साली इंग्लंडमधून मुलांना संगणक शिकवण्यासाठीच बाजारात आला), सात इंचांचा टच स्क्रीन, जीपीएसचा एक मॉड्यूल, एक लहान अँप्लिफायर आणि १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर. सगळं मिळून चौदा हजारांच्या आसपास गेलं, त्यातले बरेचसे माझेच.

पालकांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता: “बाई, मोबाईल आहे की! मग हे कशाला?” मी लपवत नाही, मोबाईल आमच्या डब्यापेक्षा चांगला रस्ता दाखवतो. तयार अँड्रॉइड स्टिरिओही याहून कमी पैशांत मिळतो. वस्तू हवी असेल तर विकतच घ्यावी. पण मोबाईल उघडून आत काय चाललंय हे मुलांना दाखवता येत नाही आणि बिघडला तर त्यांना दुरुस्त करता येत नाही. आमचा डबा मात्र सतत बिघडत होता, आणि माझं म्हणणं असं आहे की त्याची खरी किंमत त्या बिघडण्यातच होती.

उदाहरण सांगते. बाजारातल्या कार स्टिरिओच्या जोडणीत साधारणपणे पिवळी वायर कायम चालू असते, लाल वायर किल्ली फिरवली की चालू होते आणि काळी म्हणजे अर्थ. मुलांनी आमचा डबा आधी लालवर जोडला. झालं काय, किल्ली लावली की डबा सुरू व्हायचा आणि सेल्फ मारला की लगेच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. कारण सेल्फ मारताना गाडी लाल वायरचा पुरवठा तेवढ्यापुरता तोडते. एका मुलाने तोडगा काढला, पिवळ्यावर जोडू! जोडलं, आणि सगळं सुरळीत चालू झालं. टाळ्या वाजल्या. तो शनिवार होता.

सोमवारी सकाळी सात वाजता गाडीने हूं की चूं केलं नाही. मला रिक्षाने शाळेत यावं लागलं, आणि मी वर्गात शिरले तेव्हा रागातच होते हे मान्य करते. पण मधल्या सुट्टीत फळ्यावर हिशोब मांडला आणि राग गेला. डबा आणि स्क्रीन मिळून कन्व्हर्टरच्या तोट्यासकट साधारण १० वॅट घेत होते. १० भागिले १२, म्हणजे सुमारे ०.८ अँपिअर. शनिवार दुपारी बारा ते सोमवार सकाळी सात म्हणजे ४३ तास. ०.८ गुणिले ४३, म्हणजे ३४ च्या पुढे. बॅटरीवर काय लिहिलंय ते बघायला एक मुलगी खाली धावली. ३५ अँपिअर-तास! वर्गात एकदम शांतता झाली. विद्युतशक्तीचं सूत्र मी इतकी वर्षं शिकवतेय, पण त्या सूत्राने कुणाची गाडी बंद पाडलेली मुलांनी पहिल्यांदाच पाहिली.

उपाय सुचवला तो आमच्या गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने. बॅटरी चार्ज करायला आलेला तो माणूस मुलांना म्हणाला, “रेडिओला दोन वायरी कशाला दिल्यात? एक कामाला सांगायला, एक घड्याळ आणि स्टेशनं ध्यानात ठेवायला.” बस. मुलांनी त्यावरून आखणी केली. वीज पिवळ्यातून रिलेमार्गे घ्यायची आणि लाल वायर फक्त खबर द्यायला वापरायची. लाल तीस सेकंद गेली तर डब्याने फाइली नीट बंद करून झोपायचं आणि मग रिलेने वीज तोडायची. सेल्फ मारताना ती दोन-तीन सेकंदच जाते, तिकडे दुर्लक्ष करायचं. (एकदम वीज तोडली की मेमरी कार्डावरचा मजकूर खराब होतो. आमची दोन कार्डं अशीच गेली.)

आता लाल वायरचे १२ व्होल्ट पायच्या पिनेला थेट देता येत नाहीत, तिथे ३.३ च्या वर चालत नाही. मुलांनी दोन रोध लावून व्होल्टेज विभागलं. १० किलोओहम आणि ३.३ किलोओहम. गणित केलं तर २.९८ व्होल्ट येतात, एकदम सुरक्षित. मी म्हटलं, “बॅटरी किती व्होल्टची?” “बारा, बाई.” “इंजिन चालू असताना मोजा.” मल्टीमीटरने १४.४ दाखवले. पुन्हा गणित केलं तर ३.५७. म्हणजे इंजिन सुरू झाल्यावर पिन जळायचीच शक्यता. ३.३ च्या जागी २.७ चा रोध घातला आणि पुढे ऑप्टोकपलरही लावला. पाठ्यपुस्तकातली बॅटरी नेहमी बरोबर बारा व्होल्टची असते आणि तिच्यामुळे आपल्या मुलांना मोजायची सवयच लागत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

जीपीएसचा किस्सा भूगोलाच्या शिक्षकांसाठी. हा मॉड्यूल दर सेकंदाला मजकुराच्या ओळी पाठवतो, त्यात अक्षांश-रेखांश असतात. आमच्या शाळेच्या अंगणात १८३१.२२ आणि ०७३५१.४० असे आकडे आले. मुलांनी ते १८.३१२२ आणि ७३.५१४० अंश असे वाचले आणि नकाशावर टाकले, तर पुण्यातली आमची शाळा तोरण्याच्याही पलीकडे सह्याद्रीच्या रांगेत जाऊन बसली. मॉड्यूल खराब आहे, दुकानदाराने फसवलं, अशी चर्चा दोन दिवस चालली. खरं असं की पहिले दोन आकडे अंश (रेखांशात तीन) आणि पुढचे मिनिटं असतात. १८ अंश ३१.२२ मिनिटं. ३१.२२ ला ६० ने भागलं की ०.५२०३, म्हणजे १८.५२०३ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्यामुळे नुसत्या अक्षांशाची चूक २३ किलोमीटरची झाली होती. अंशाचे साठ भाग का करतात, शंभर का नाही, हा प्रश्न मुलांनी स्वतःहून विचारला. तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला पहिल्यांदा आला.

उपग्रह किती लागतात यावरही बरीच चर्चा झाली. जागा ठरवायला तीन पुरे असं मुलांना वाटत होतं. चौथा लागतो तो आपल्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला. एका सेकंदाच्या एक अब्जांश भागात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे घड्याळ किंचित चुकलं तरी जागा हुकते. दहावीच्या ‘अवकाश मोहिमा’ या धड्याला यानंतर वेगळं शिकवावं लागलं नाही.

पण मला स्वतःला सगळ्यात जास्त मजा आली ती मराठीत. नकाशा आम्ही ओपनस्ट्रीटमॅपचा घेतला. हा कुणालाही दुरुस्त करता येतो आणि त्यात ठिकाणाचं मराठी नाव वेगळं नोंदवायची सोय आहे. रस्ता सांगणारा आवाज मराठीत हवा हा मुलींचा हट्ट. संगणकाचा मराठी आवाज फार यांत्रिक वाटला म्हणून त्यांनी स्वतःच्या आवाजात तुकडे रेकॉर्ड केले: ‘डावीकडे वळा’, ‘वर’, ‘पाशी’, आणि ठिकाणांची नावं. प्रोग्राम ते तुकडे जोडणार. पहिल्याच फेरीत डबा मोठ्या गंभीरपणे म्हणाला, “जकात नाकावर डावीकडे वळा.” गाडीत हसून हसून सगळ्यांची वाट लागली. मी गाडी बाजूला घेतली.

नाका, नाक्यावर. नाक, नाकावर. सामान्यरूपाचा धडा मुलं सातवीपासून गिरवतात आणि विसरतात. इथे मात्र नियम लिहूनच द्यावा लागला, कारण यंत्राला कान नाही. मुलांनी ठरवलं, शेवटी ‘आ’ असेल तर ‘या’ करा. लगेच ‘शाळ्यापाशी’ आलं. म्हणजे लिंग सांगावं लागणार. मग ‘पूल’चं ‘पुलावर’ आणि ‘विहीर’चं ‘विहिरीपाशी’ होताना दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं, हे सापडलं. आमच्या मराठीच्या सरांना बोलावून आणलं. ते आधी ‘मला त्या गाडीतलं काही कळत नाही’ म्हणत होते, पण नंतर शनिवारी सगळ्यांच्या आधी हजर असायचे. इंग्रजीत नुसतं नाव चिकटवून भागतं, मराठीत नाव वाकतं. ही गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकातून इतक्या लख्खपणे मलाही कधी दिसली नव्हती.

आता आक्षेपांकडे येते. एका वडिलांनी स्पष्ट विचारलं, “हे मेकॅनिकचं काम आहे. माझ्या मुलाला इंजिनिअर करायचंय.” मी त्यांना काही पटवू शकले नाही. त्यांचा मुलगा महिनाभर आला नाही. पण हा विचार फक्त त्यांचा नाही, आपल्या स्टाफरूममध्येही तो असतो. वायर सोलणारा खालचा आणि आकृती काढणारा वरचा. आमच्या गटातला सगळ्यात तरबेज मुलगा गणितात जेमतेम पास होणारा होता. वडील ट्रक चालवतात, फ्यूजचे रंग त्याला तोंडपाठ, लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. व्होल्टेजचं ते दुसरं गणित आधी त्यानेच केलं, कारण १४.४ त्याने मोजले होते. प्रगतिपुस्तकात हे लिहायला रकाना नाही. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दफ्तराविना दिवस आहेत, ते तरी सहलीत आणि भाषणात घालवू नयेत असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. आमचे नियम कडक होते. काम करताना बॅटरीची ऋण तार काढलेली. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेला अगदी सुरुवातीलाच फ्यूज. पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही, तो एअरबॅगचा असू शकतो. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या आसपास काहीही नाही. उन्हात उभ्या गाडीत लिथियमची पॉवर बँक ठेवायची नाही. गाडी फक्त मी चालवणार आणि चालू असताना पडद्यावर चित्रपट दिसणार नाही, ती सोय प्रोग्राममध्येच बंद. अंतिम जोडणी आमच्या इलेक्ट्रिशियनने तपासली, त्यांना त्याचे पैसे दिले. ज्या शाळेला असा माणूस मिळत नसेल त्यांनी गाडीला हात न लावता टेबलावर जुनी बॅटरी ठेवून हेच करावं. तरीही ऐंशी टक्के शिकणं होतं, असा माझा अंदाज.

गाडी वॉरंटीत असेल तर अर्थातच नको. माझी नव्हती.

सगळं जमलं असं मात्र नाही. गाणं लावलं की स्पीकरमधून बारीक शीळ येते आणि अँक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. आधी मुलांना वाटलं गाण्याचीच फाइल खराब आहे. मग एकीच्या लक्षात आलं की शीळ इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतेय, म्हणजे ती अल्टरनेटरची आहे. २०१३ नंतरच्या गाड्यांत निदानासाठी जो सॉकेट असतो त्यातून आम्ही फेऱ्या वाचल्या. दोन संख्या येतात, पहिलीला २५६ ने गुणायचं, दुसरी मिळवायची, चारने भागायचं. २६ आणि २४८ आले तर १७२६ फेरे. तिने फेऱ्यांचा आणि शिळेच्या उंचीचा तक्ता केलाय. अँप्लिफायरचा अर्थ एका ठिकाणी आणि कन्व्हर्टरचा सीटच्या बोल्टला, दोन अर्थ दोन जागी आहेत म्हणून हे होतं असं तिचं म्हणणं. सरांचं म्हणणं वेगळं आहे, माझं अजून ठरलेलं नाही. येत्या शनिवारी दोन्ही काळ्या वायरी एकाच बोल्टला आणून बघणार आहोत.