गिऱ्हाइकाची वाट सोपी असावी

वसईचा भाजीपाला लोकलगाडीने मुंबईच्या बाजारात नेण्याची रीत जुनी आहे. २०१६ साली राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला; त्याच वर्षी मोबाइलवरून पैसे देण्याची युपीआय सोयही सुरू झाली. गोखिवऱ्याच्या बागायतदारास आता घरबसल्या थेट मागणी घेता येते. परंतु "ताजी भाजी मिळेल" एवढाच संदेश धाडून भागत नाही. जुडीचे वजन, भाव, पोचविण्याचा दिवस व खर्च विचारावा लागला, की गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे वळते; आणि त्यात त्याचे काय चुकले? राजेळी केळ्यांची सुकेळी टिकतात. आरंभ त्यांपासून करावा. पालेभाजीची मागणी आदल्या संध्याकाळी बंद करून तेवढीच काढणी करावी. विस्तार कार्यकर्त्यांनी गिऱ्हाइकाच्या नात्याने एक मागणी स्वतः नोंदवून पाहावी. कोठे अडते ते तेव्हाच कळेल.